बंदच्या दुसऱ्या दिवशीचा पहिला तास

शाळेत राजकारण नको, हे वाक्य कोल्हापुरातील बहुतेक स्टाफरूममध्ये निर्विवाद मानले जाते. प्रत्यक्षात शाळा राजकारणापासून दूर राहतच नाहीत. ज्या प्रश्नावर गावाचे एकमत असते त्यावर त्या मोकळेपणाने बोलतात आणि ज्या प्रश्नावर गाव दुभंगलेले असते तेथे त्यांची वाचा बसते. जुलै २०२५ च्या अखेरीस कोल्हापूर जिल्ह्यातील नांदणीच्या जैन मठातील महादेवी ऊर्फ माधुरी हत्तीण उच्च न्यायालयाच्या आदेशाने, आणि सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरल्यावर, गुजरातेतील ‘वनतारा’ या प्राणी-संगोपन केंद्रात नेण्यात आली. त्यानंतर जिल्ह्यात जे झाले त्याला राजकारणाखेरीज दुसरा शब्द नाही. न्यायालयाच्या निर्णयाविरुद्ध जनमत उभे राहिले, मठाची परंपरा मोठी की प्राण्याचे हित मोठे यावर वाद झडले, ‘वनतारा’ ज्या उद्योगसमूहाचे त्याच्याच मोबाइल कंपनीचे सिम बदलण्याची मोहीम निघाली आणि ३ ऑगस्टला नांदणीहून कोल्हापूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयापर्यंत हजारोंची पदयात्रा आली. त्या आठवड्यात वर्गावर्गांत हा विषय निघाला, पुष्कळ ठिकाणी शिक्षकांनीच तो काढला, आणि कोणा मुख्याध्यापकांनी त्याला ‘राजकारण’ म्हणून आक्षेप घेतल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

आता त्याच्या दोन वर्षे आधीचा जून आठवावा. शिवराज्याभिषेक दिनी काही जणांनी मोबाइलवर ठेवलेल्या आक्षेपार्ह स्टेटसवरून ७ जून २०२३ ला, बुधवारी, शहर बंदची हाक देण्यात आली, शिवाजी चौकात जमाव जमला, दगडफेक झाली, पोलिसांनी लाठीमार केला आणि इंटरनेट बंद करावे लागले. सुट्टी चालू होती म्हणून शाळा वाचल्या. १५ जूनला त्या उघडल्या, नवागतांचे फुले देऊन स्वागत झाले, पुस्तके वाटली गेली आणि आठवड्यापूर्वी आपल्याच गल्लीतून धावत गेलेल्या जमावाबद्दल वर्गात अवाक्षर निघाले नाही. ज्या ज्या शिक्षकांशी मी नंतर बोललो त्यांतल्या बहुतेकांनी एकच कारण सांगितले: विषय नाजूक होता.

विषय नाजूक होता हे खरेच आहे, आणि म्हणूनच तो शिक्षकाच्या हाती यायला हवा होता. हत्तिणीच्या प्रश्नावर वर्गात चर्चा झाली नसती तरी फारसे बिघडले नसते, कारण घरी, पारावर, दूध संस्थेत सगळीकडे एकच सूर होता. उलट जून २०२३ मध्ये मुलाला घरी एक गोष्ट ऐकू येत होती, शेजारच्या घरात दुसरी आणि मोबाइलवर तिसरीच. अशा वेळी ज्याच्याकडे वेळ आहे, फळा आहे आणि हिंदू आणि मुस्लिम अशा दोन्ही घरांतली मुले एकाच बाकावर बसलेली आहेत, असा गावातला एकमेव माणूस म्हणजे शिक्षक. तो गप्प बसला म्हणजे विषय थांबत नाही. तो मधल्या सुट्टीत, सायकल स्टँडवर आणि रात्री ग्रुपवर चालूच राहतो, फक्त तेथे कोणी मोठे माणूस नसते. शिवाय मुले या गप्प बसण्यातूनही काही शिकतात. एकमत असेल तेव्हा बोलावे आणि मतभेद असेल तेव्हा मान खाली घालावी, हा धडा कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही, पण आपण तो वर्षानुवर्षे शिकवत आलो आहोत.

शिक्षक भित्रे झाले आहेत असे म्हणून हात झटकणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे आहे. त्यांची भीती काल्पनिक नाही. ज्या शहरात फेब्रुवारी २०१५ मध्ये ज्येष्ठ कम्युनिस्ट नेते गोविंद पानसरे यांच्यावर सकाळच्या फेरीवरून परतताना गोळ्या झाडल्या गेल्या, त्या शहरात मतभेदाची किंमत काय असू शकते हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. शिक्षकाला तेवढी टोकाची भीती नसते, त्याची भीती अधिक साधी आणि रोजची असते. वर्गातले अर्धे वाक्य कोणी तरी मोबाइलवर टिपते, संध्याकाळपर्यंत ते तालुकाभर फिरते, दुसऱ्या दिवशी दहा-पंधरा जण निवेदन घेऊन मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये उभे राहतात आणि आठवड्यात ‘कारणे दाखवा’ हातात पडते. पश्चिम महाराष्ट्रातील कितीतरी शिक्षणसंस्थांचे कर्तेधर्ते कोणत्या ना कोणत्या पक्षाचे पुढारी असतात, हेही येथे लक्षात घ्यावे. अध्यक्षांच्या वाढदिवसाला मुलांना रांगेत उभे करणे हे राजकारण ठरत नाही आणि पक्षांतरबंदी कायदा समजावून सांगणे मात्र ठरते, ही विसंगती शिक्षकांच्या कधीच अंगवळणी पडली आहे.

यातली दुसरी विसंगती तर कायद्यातच बसलेली आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २७ प्रमाणे शिक्षकाला बिगर-शैक्षणिक काम देता येत नाही, अपवाद तीन: दहा वर्षांची जनगणना, आपत्तीतील मदतकार्य आणि निवडणुका. म्हणजे मतदार यादी घेऊन दारोदार फिरणारा केंद्रस्तरीय अधिकारी शिक्षक, मतदान केंद्रावर शाई लावणारा शिक्षक, यंत्रे सील करून रात्री उशिरा साहित्य जमा करणाराही शिक्षक. विधान परिषदेवर शिक्षकांचे स्वतंत्र मतदारसंघ आहेत, त्यांच्या निवडणुका कशा रंगतात हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. लोकशाहीची इतकी कामे ज्याच्या खांद्यावर आहेत त्याने लोकशाहीत काल काय घडले याविषयी वर्गात बोलू नये, अशी अपेक्षा कोणत्याही नियमात लिहिलेली नाही. सेवेच्या वर्तणूक नियमांचा रोख पक्षकार्यावर आणि प्रचारावर आहे, घडलेली घटना समजावून सांगण्यावर नाही. पण नियम काय म्हणतो यापेक्षा तक्रार झाल्यावर साहेब काय म्हणतील हे महत्त्वाचे ठरते, आणि तेथे शिक्षक एकटा असतो.

अभ्यासक्रमाची सबब मात्र टिकणारी नाही. दहावीच्या पुस्तकात इतिहासाच्या शेपटाला जोडलेले राज्यशास्त्र आहे, त्यात निवडणूक प्रक्रिया, राजकीय पक्ष, सामाजिक व राजकीय चळवळी आणि भारतीय लोकशाहीसमोरील आव्हाने असे पाठ आहेत. त्या आव्हानांत जमातवाद आहे, राजकारणाचे गुन्हेगारीकरण आहे. मुले ते मुद्दे पाठ करून लिहितात आणि पूर्ण गुण मिळवतात. सहावीत स्थानिक शासन संस्था आहेत. आता असे पाहा की कोल्हापूर महापालिकेची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली आणि पुढे पाच वर्षे तेथे प्रशासकच होते. जून २०२१ मध्ये सहावीत बसून ‘नगरसेवक प्रभागातील लोकांचे प्रतिनिधित्व करतात’ असे लिहिणारा मुलगा २०२५ च्या जूनमध्ये दहावीला पोचला, तरी त्याच्या प्रभागाला नगरसेवक नव्हता. त्याने हे शिक्षकाला विचारले असेल का, आणि विचारले असल्यास त्याला काय उत्तर मिळाले असेल? निवडणुका का लांबल्या, प्रकरण न्यायालयात का गेले, इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा त्याच्याशी काय संबंध, हे सगळे त्या एका प्रश्नातून शिकवता आले असते, आणि त्यात कोणाच्या भावना दुखावण्याचेही कारण नव्हते.

राज्याच्या राजकारणातील उलथापालथीबद्दलही तेच. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली, जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस फुटली, आणि खरा पक्ष कोणता हा प्रश्न निवडणूक आयोग, विधानसभा अध्यक्ष आणि सर्वोच्च न्यायालय अशा तीन दारांत फिरला. संविधानाची दहावी अनुसूची, म्हणजेच पक्षांतरबंदी कायदा, समजावून सांगायला यापेक्षा चांगले उदाहरण मिळणार नाही. असे विषय अवघड वाटतात, पण ते तुलनेने सोपे आहेत, कारण त्यांत कागद आहेत, तारखा आहेत, निकाल आहेत आणि वर्गातला कोणताही मुलगा त्यामुळे जिवाला घाबरलेला नसतो.

खरा कस लागतो तो जेव्हा वर्गातलीच काही मुले घाबरलेली असतात तेव्हा. हजेरी घेताना पाटील, कांबळे, चौगुले अशी नावे जातात आणि मुजावर, बागवान, शिकलगार ही नावे येताच वर्गात एक क्षण कुजबुज होते. ज्याने बंदनंतरच्या सकाळी हजेरी घेतली आहे त्याला हे माहीत आहे. त्या क्षणी शिक्षकाने काय करू नये हे आधी ठरलेले असावे. अशा आडनावाच्या मुलीकडे वळून ‘तुला काय वाटते?’ असे विचारू नये. विचारणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण चौदा वर्षांच्या मुलीला एका क्षणात अख्ख्या समाजाची वकील करून टाकले जाते, आणि जे तिने केलेले नाही त्याचा खुलासा तिच्याकडे मागितला जातो. तसेच ज्याचा भाऊ त्या मोर्चात होता त्या मुलालाही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू नये. दोघांनाही उद्या त्याच वर्गात यायचे आहे.

मग काय करावे? पहिल्या तासाला इतिहासाचा किंवा मराठीचा धडा दहा मिनिटे बाजूला ठेवून शिक्षकाने स्वतः विषय काढावा, आवाज न चढवता काय घडले ते सांगावे आणि जे नक्की कळलेले नाही ते कळलेले नाही असेच सांगावे. फळ्यावर तीन रकाने आखता येतात: स्वतः पाहिलेले, दुसऱ्याकडून ऐकलेले आणि मोबाइलवर आलेले. मुले सांगत जातात तसे लिहीत जावे. माझ्या परिचयाच्या एका शिक्षिकेने हा प्रयोग आठवीच्या वर्गात केला तेव्हा पहिल्या रकान्यात फक्त दोन ओळी आल्या, त्यातली एक ‘आमच्या गल्लीतली दुकाने बंद होती’ अशी होती, आणि तिसऱ्या रकान्याला फळा पुरला नाही. तिला त्यावर भाष्य करावे लागले नाही. पुढची पाच मिनिटे तिने एवढेच विचारले की तिसऱ्या रकान्यातले पहिल्या रकान्यात आणायचे असेल तर कोणाला विचारावे लागेल, आणि मुलांनी पोलीस ठाण्यापासून स्थानिक वार्ताहरापर्यंत नावे सांगितली. कायद्याची माहितीही याच वेळी द्यावी. स्टेटस चोवीस तासांत पुसले जाते, पण त्याचा स्क्रीनशॉट आणि त्यावरून झालेली नोंद पुसली जात नाही. धार्मिक भावना दुखावणे आणि समाजांत तेढ वाढवणे हे भारतीय न्याय संहितेखाली गुन्हे आहेत, आणि अठरा वर्षांखालील मुलासाठी बाल न्याय कायद्याची वेगळी वाट आहे. मुलांना याची भीती घालायची गरज नाही, माहिती मात्र हवी.

या दहा मिनिटांत एक वाक्य टाळावे असे माझे आग्रहाचे मत आहे: ‘हे राजर्षी शाहूंचे कोल्हापूर आहे, येथे असे होत नाही.’ ते चांगल्या मनाने म्हटले जाते, पण मुलाने ‘असे’ कालच पाहिलेले असते. शिवाय शाहूंचे नाव विषय मिटवण्यासाठी वापरणे ही त्यांच्याबद्दलची गैरसमजूतच आहे. पंचगंगेच्या घाटावरून सुरू झालेल्या वेदोक्ताच्या, म्हणजे महाराजांचे धार्मिक विधी वेदमंत्रांनी करायचे की नाही या, वादात हे शहर उभे चिरले गेले होते. जुलै १९०२ मध्ये नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्याचा हुकूम निघाला तेव्हाही टीकेची झोड उठली होती. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत झाले, तेही सगळ्यांनी टाळ्या वाजवून स्वीकारले असे नाही. शाहू महाराज वादापासून दूर राहिले म्हणून मोठे झाले नाहीत. वाद झाला तेव्हा ते त्यात उतरले, आपली बाजू त्यांनी मांडली आणि विरोधकाच्या मुलालाही शिकायची सोय केली. दसरा चौकात त्यांच्या पुतळ्याजवळ उभे राहून मुलांना १९०६ चे मुस्लिम बोर्डिंग दाखवावे, भोवतालची इतर समाजांची वसतिगृहे दाखवावीत आणि प्रत्येक समाजासाठी वेगळे बोर्डिंग का काढावे लागले असेल, एकच का चालले नसते, हा प्रश्न विचारावा. २६ जूनच्या जयंतीला भाषणे पाठ करून घेण्यापेक्षा त्या प्रश्नाने अधिक शाहू कळतील.

दुसरी सोयीची वाट म्हणजे ‘दोन्ही बाजू सांगाव्यात’ ही. ती ऐकायला निःपक्षपाती वाटते, पण प्रत्येक गोष्टीला दोन बाजू नसतात. १४ जुलै २०२४ च्या रविवारी विशाळगडावरील अतिक्रमणांविरुद्धच्या आंदोलनाच्या वेळी गडाच्या अलीकडील गजापूर गावात प्रार्थनास्थळाची आणि घरांची मोडतोड झाली. गडावरील बांधकामे कायदेशीर की बेकायदेशीर, ती कोणी आणि कोणत्या प्रक्रियेने काढावीत, पुरातत्त्व विभागाने इतकी वर्षे काय केले, या प्रश्नांना नक्कीच बाजू आहेत, त्यातले काही न्यायालयातही गेले, आणि वर्गात त्यांवर दोन गट पाडून चर्चा घेता येते. पण गडावर ज्यांचे बांधकामच नाही अशा माणसाच्या घराची दारे-खिडक्या फोडल्या जाव्यात का, हा चर्चेचा विषय होऊ शकत नाही. सोमवारी सकाळी शाहूवाडीच्या किंवा पन्हाळ्याच्या शाळेत शिक्षकाला नेमकी हीच रेघ ओढायची होती, आणि ती कोठे ओढावी हे त्याला कोणी सांगितलेले नव्हते.

जगात याचा विचार झालेला आहे. तेव्हाच्या पश्चिम जर्मनीत सत्तरच्या दशकात शाळेतील राजकीय शिक्षणावरून उजव्या-डाव्यांची इतकी ओढाताण झाली की १९७६ मध्ये बॉयटेल्सबाख या गावी दोन्हीकडचे शिक्षणतज्ज्ञ एकत्र बसले. त्यातून जी सूत्रे निघाली ती तेथील शिक्षक आजही आधाराला घेतात. शिक्षकाने आपले मत मुलांवर लादू नये, जे समाजात वादग्रस्त आहे ते वर्गातही वादग्रस्त म्हणूनच मांडावे, आणि मुलाला स्वतःचे हित ओळखून परिस्थितीचा विचार करता यावा, एवढाच त्यांचा मथितार्थ. इंग्लंडच्या १९९६ च्या शिक्षण कायद्यातही पक्षीय मतप्रसाराला मनाई आणि वादग्रस्त विषयांत समतोल मांडणी अशी तरतूद आहे. या सूत्रांची आपल्याकडे नक्कल करावी असे मी म्हणत नाही. आपल्याकडे त्यांत संविधानाची चौकट ठळकपणे घालावी लागेल, कारण अस्पृश्यता पाळावी की नाही यावर वादविवाद स्पर्धा घेणे म्हणजे समतोल नव्हे. पण त्या जर्मन गावाकडून घेण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. तेथील शिक्षकाला पालकाने जाब विचारला तर तो स्वतःच्या जबाबदारीवर नव्हे, सर्वांनी आधी मान्य केलेल्या मर्यादेवर बोट ठेवू शकतो.

आपल्या शिक्षकाला अडते ते येथे. प्रशिक्षणे त्याला भरपूर मिळतात, आणखी एका ऑनलाइन प्रशिक्षणाची आणि त्याच्या प्रमाणपत्राची त्याला गरज नाही. कोल्हापूरने हे काम दुसऱ्या एका बाबतीत करून दाखवले आहे. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ फुटांवर गेली की धोका, हे शाळकरी पोरालाही पाठ आहे. त्या आकड्यांबरोबर पूरपट्ट्यातील प्रयाग चिखली आणि आंबेवाडीच्या लोकांनी कधी निघायचे, कोणती शाळा निवाऱ्यासाठी उघडायची, चावी कोणाकडे, हे सगळे ठरलेले असते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिक्षकांनी हे काम उत्तम केले, कारण त्या दिवशी कोणालाही स्वतःच्या अकलेने निर्णय घेण्याचे ओझे नव्हते. शहर पेटते तेव्हा असे काही ठरलेले नसते. शाळा भरवायची की सोडायची, लांबून येणाऱ्या मुलींना घरी कोण पोचवणार, इंटरनेट बंद असताना पालकांना निरोप कसा द्यायचा, आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला काय बोलायचे, यातले प्रत्येक उत्तर त्या सकाळी नव्याने शोधले जाते.

हे ठरवणे फार अवघड नाही. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, मुख्याध्यापक संघ, महापालिकेची प्राथमिक शिक्षण समिती आणि शिवाजी विद्यापीठातील शिक्षणशास्त्राचे व राज्यशास्त्राचे विभाग यांनी मिळून दोन पानांचे टिपण काढावे. तिसरे पान झाले की ते कोणी वाचणार नाही. त्यात पक्षाचा प्रचार चालणार नाही हे स्वच्छ लिहावे आणि घडलेल्या घटनेविषयी वर्गात बोलणे हे शिक्षकाचे काम आहे हेही तितकेच स्वच्छ लिहावे. तक्रार आली तर पहिले उत्तर मुख्याध्यापक देतील, शिक्षकाला एकट्याला पुढे केले जाणार नाही आणि वर्गातल्या अर्ध्या मिनिटाच्या चित्रफितीवर कारवाई होणार नाही, ही तीन कलमे त्यात नसतील तर बाकीचा मजकूर लिहिला काय नि नाही काय. जूनच्या पालकसभेत ते टिपण वाचून दाखवावे, म्हणजे गोंधळाच्या दिवशी त्यावर नवा वाद होणार नाही.

यावर येणारा आक्षेप मला वजनदार वाटतो: शिक्षकच एका बाजूचा असेल तर? तसे शिक्षक आहेत, आणि त्यांच्या हाती विषय देण्यापेक्षा सर्वांनीच गप्प बसलेले बरे, असे पालकांना वाटू शकते. पण असा शिक्षक आजही गप्प नाही. तो हजेरी घेताना टोमणा मारतो, उदाहरणे देताना नावे निवडतो, आणि हे सगळे कोणत्याही चौकटीबाहेर असल्याने त्याला जाबही विचारता येत नाही. बंधन आज फक्त जबाबदार शिक्षकावर आहे. लेखी मर्यादा आली तर ती दोघांनाही लागू होईल. स्वतःचे मत सांगावे की नाही याबाबत मात्र मी कडक आहे. ‘सर, तुम्ही कुणाला मत दिलं?’ हा प्रश्न नववी-दहावीत हमखास येतो, आणि त्यावर मतदान गुप्त का असते हे सांगून तेथेच थांबावे. बारावीनंतर भेटल्यावर चहा पिताना सांगायला हरकत नाही.

टिपण येईपर्यंत थांबण्याचेही कारण नाही. मुख्याध्यापकांना आपल्या शाळेतील शिक्षकांची तासाभराची बैठक घ्यायला कोणाची परवानगी लागत नाही. त्या तासात जून २०२३ ची ती सकाळ शाळा चालू असताना उजाडली असे धरून प्रत्येकाने आपण वर्गात पहिली पाच वाक्ये कोणती बोललो असतो ती लिहावीत आणि एकमेकांना वाचून दाखवावीत. कोणाच्या वाक्यात काय खटकते ते स्टाफरूममध्येच कळलेले बरे.